लागलं कशानं, ते आधी विचारा

शाळेतून आलेलं पोर दप्तर टाकून सरळ मोरीत गेलं, तोंडावर पाण्याचे हबके मारले आणि टीव्ही न लावता भिंतीकडे तोंड करून पडून राहिलं, तर आईबाबांनो, त्याला झोप आलेली नसते. डोळ्याला काहीतरी लागलेलं असतं. विचाराल तर उत्तर ठरलेलं, "काही नाही, कचरा गेला." कचरा जातोही. पण पुष्कळदा त्या कचऱ्यामागे बाकावरची मारामारी असते, पट्टीची तलवार झालेली असते, 'गणिताचा तास सोडून कर्कटक बाहेर काढायचं नाही' हा बाईंचा नियम मोडलेला असतो. खरं सांगितलं तर डोळ्यापाठोपाठ पाठीलाही लागेल, हा हिशेब आठ-नऊ वर्षांचं पोर अगदी चोख करतं.

मी ऊसपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी डोळ्यांचा दवाखाना चालवते. ओरखडा उठलेले डोळे आमच्याकडे रोजचेच. त्या ओरखड्याबद्दल आणि त्याहून जास्त त्या 'काही नाही'बद्दल तुमच्याशी बोलायचंय.

डोळ्याच्या काळ्या भागावर एक पारदर्शक पडदा असतो, कॉर्निया. मध्यभागी तो जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्याच्यावरचा सगळ्यात बाहेरचा पापुद्रा तर त्याच्याही दहाव्या हिश्श्याएवढा, पेशींच्या पाच-सहा थरांचा. या पडद्यात रक्तवाहिनी एकही नाही, म्हणून तर त्यातून आरपार दिसतं. पण संवेदना नेणाऱ्या नसांची टोकं तिथे इतकी दाट असतात, की अंगावर दुसरीकडे कुठेही तशी सापडायची नाहीत. म्हणूनच मांडीवरच्या तान्ह्याचं नख निसटतं लागलं तरी धडधाकट आई कळवळते. डोळा उघडवत नाही, घळाघळा पाणी येतं, उजेड सोसत नाही, आणि आत काहीतरी आहे, आत काहीतरी आहे असं सारखं वाटत राहतं.

गंमत अशी, की आत बहुधा काही नसतंच. ओरखड्याची जागा पापणीला घासली की मेंदूला कण असल्यासारखंच वाटतं. तुम्ही मुलाला उजेडाकडे धरून डोळा फाकवून बघता, तुम्हाला काही दिसत नाही, आणि तुम्ही म्हणता, "काही नाहीये आत, उगाच नाटकं करू नकोस." तुमचंही खरं, त्याचंही खरं. ओरखडा साध्या डोळ्यांना दिसत नाही, एवढंच.

दवाखान्यात तो दिसतो कसा, ते पालकांना दाखवायला मला फार आवडतं. केशरी टोकाची एक कागदी पट्टी असते. तिच्यावर सलाइनचा थेंब टाकून ती खालच्या पापणीच्या आत हळूच टेकवायची, मुलाला दोनदा डोळा मिटायला सांगायचं. तो रंग अश्रूंबरोबर सगळ्या बुबुळावर पसरतो आणि जिथे वरचा पापुद्रा निघालाय नेमका तिथेच धरून राहतो. मग खोलीतला दिवा मालवून निळा प्रकाश टाकला की ओरखडा हिरवा झळाळतो. नखाचा असेल तर बारीक चंद्रकोरीएवढा, कागदाच्या कडेचा असेल तर सरळ रेघ. कधीकधी बुबुळाच्या वरच्या अर्ध्यात उभ्या-उभ्या अनेक रेघा दिसतात, आणि तेव्हा मी मनातल्या मनात खूश होते. कारण मग चोर वरच्या पापणीच्या मागे बसलेला असतो. दर उघडझापीला तोच ओरबाडत असतो. कापसाच्या काडीवर पापणी उलटी करायची, गुलाबी अस्तरावर वाळूचा नाहीतर भुश्याचा कण चिकटलेला असतो, तो टिपून घ्यायचा. मघापर्यंत आईच्या कुशीत तोंड खुपसून रडणारं मूल बहुधा त्याच मिनिटाला डोळा उघडतं आणि घरी कधी जायचं ते विचारतं.

आता धीराची गोष्ट. नुसता ओरखडा, म्हणजे वरच्याच पापुद्र्याचा, आपणहून भरून येतो. शेजारच्या पेशी सरकत येऊन ती जागा झाकतात. लहानसा असेल तर एक-दोन दिवसांत, मोठा असेल तर तीन-चार दिवसांत. मागे डागही राहत नाही. मग एवढं सांगत का बसलेय? कारण जिथे पापुद्रा निघालाय तिथे दार उघडं आहे. त्या दारातून जंतू शिरले, बुरशी शिरली, तर जखम चिघळते, आणि बरी झाली तरी मागे पांढरं फूल ठेवून जाते. फूल बुबुळाच्या मधोमध पडलं की पुढची सगळी नजर त्याच्याआडून. असे डोळे माझ्याकडे येतात तेव्हा मागचा इतिहास काढला तर सुरुवातीची जखम बहुतेक वेळा अगदी किरकोळ निघते. डोळा ओरखड्यामुळे जात नाही हो. ओरखड्यानंतरच्या पहिल्या दिवसात घरात जे होतं, त्याने जातो.

काय होतं घरात? पहिली मदत धावून येते ती पदराच्या टोकाची. ते टोक तोंडात ओलं करून, नाहीतर तसंच कोरडं, डोळ्यात फिरवलं जातं. मग फुंकर. मग आजी सांगते तसं एरंडेल, मध, तूप, गुलाबपाणी, किंवा आळीतल्या बाळंतिणीचं दूध. काही गावांत जिभेने डोळ्यातला कण काढून देणारी एखादी म्हातारी अजून असते. तिच्या हातून, म्हणजे जिभेतून, बरे झालेले लोक शपथेवर सांगतात. मी कुणाची चेष्टा करत नाही. त्या म्हातारीकडे ज्या काळात लोक गेले, त्या काळात तालुक्याला डोळ्याचा डॉक्टर नव्हता. पण तोंडात जेवढे जंतू असतात तेवढे मोरीतही नसतील, आणि आपण ते नेऊन ठेवतो कुठे, तर नुकत्याच उघड्या पडलेल्या जागेवर. मध, दूध, तेल यांचंही तसंच. स्वयंपाकघरातली वस्तू स्वच्छ असते ती पोटासाठी. डोळ्यासाठी निर्जंतुक लागते. आजीला हे सांगताना मात्र जरा बेताने. तिला त्या घटकेला काहीतरी करायचं असतं. तिला मुलाला मांडीवर घेऊन त्याचे दोन्ही हात धरून ठेवायचं काम द्या. ते खरंच फार महत्त्वाचं आहे, कारण डोळा चोळला की ओरखड्याचा चरा होतो, आणि मूल चोळल्याशिवाय राहत नाही.

आणि तुम्ही? आधी स्वतःचे हात साबणाने धुवा. अंगठ्या, बांगड्या, वाढलेली नखं सांभाळा. मुलाला डोळ्यांची उघडझाप करायला सांगा. कण असला तर अश्रूच पुष्कळदा त्याला वाहून नेतात. मग उकळून गार केलेलं किंवा बाटलीतलं स्वच्छ पाणी भांड्यातून बारीक धारेने, नाकाच्या बाजूने कानाकडे, डोळ्यावरून वाहू द्या. वरच्या पापणीचे केस चिमटीत धरून ती पापणी खालच्या पापणीवर ओढून सोडली तर खालचे केस आतला कण झाडून काढतात. समजूतदार मुलाला हे जमतं, हट्टी मुलावर जबरदस्ती करू नका. बुबुळावर रुतलेला कण दिसला तर त्याला बोटही लावू नका, कापूस नको, काडी नको. दुखत असेल तर नेहमीचं पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे द्या. खोलीत अंधार करा, असेल तर टोपी किंवा काळा चष्मा घाला. आणि त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे न्या. घरची मदत इथे संपली.

त्याच दिवशी हे इतकं ठासून का म्हणते, त्याला आधार आहे. नेपाळात काठमांडूच्या शेजारी भक्तपूर जिल्हा आहे. तिथे १९९०च्या दशकात एक साधा, पण मला फार मोठा वाटणारा प्रयोग झाला. गावागावांत शिकवून तयार केलेले आरोग्य कार्यकर्ते नेमले. लोकांना सांगितलं, डोळ्याला लागलं की यांच्याकडे या. कार्यकर्ते रंग घालून, निळ्या बॅटरीने डोळा बघत आणि ओरखडा आढळला की क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस देत. काहीही महागडं नाही. लागल्यापासून १८ तासांच्या आत ज्यांचं मलम सुरू झालं अशा २८४ जणांपैकी एकाचीही जखम चिघळली नाही. एक दिवस उलटून, म्हणजे २४ ते ४८ तासांनी आले ते ३८ जण होते, त्यांतल्या ११ जणांची चिघळली. औषध तेच, डोळे तसेच, फरक फक्त एका रात्रीचा.

हा प्रयोग वाचून उद्या कुणी मलमाची नळी घरात आणून ठेवील, म्हणून लगेच सांगते: ते कार्यकर्ते डोळा तपासत, आणि जिथे नुसता ओरखडा नाही तिथे पुढे पाठवत. आपण न बघता घालू, ते वेगळं.

त्यातही भीती आहे ती फळीवरच्या किंवा फ्रीजच्या दारातल्या थेंबांच्या जुन्या बाटलीची. मागच्या वर्षी बाबांचे डोळे आले होते तेव्हाची, किंवा आजोबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची. ती उघडून महिना उलटला तेव्हाच निकामी झाली, ही एक गोष्ट. दुसरी जास्त वाईट. त्या थेंबांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. स्टेरॉइड घातलं की लाली ओसरते, दुखणं कमी होतं, सगळे म्हणतात औषध लागू पडलं. आणि आत बुरशी शिरलेली असेल तर तिला रान मोकळं मिळतं, कारण तिच्याशी झुंजणारी शरीराची शक्तीच आपण झोपवलेली असते. तशीच गत डोळा बधिर करणाऱ्या थेंबांची. आम्ही तपासताना एखादा थेंब घालतो, पोर खडखडीत डोळा उघडतं, आणि बाबा विचारतात, "हेच लिहून द्या की डॉक्टर!" देत नाही. ते वरचेवर घातले तर जखम भरायची थांबते आणि बुबुळ विरघळू लागतं. मेडिकलवाल्याला काउंटरवरून डोळा दाखवून थेंब घेऊन येणं, हेही मी याच माळेत धरते. त्याच्याकडे ना दिवा, ना रंग. तो बिचारा लाल डोळा बघतो आणि लाल डोळ्याची बाटली काढून देतो.

आता परत त्या भिंतीकडे तोंड करून पडलेल्या मुलाकडे येऊ. दुपारी साडेबाराला त्याला लागलं. मधल्या सुट्टीत तो बाईंना बोलला नाही, कारण पट्टी त्याने स्वतःच आधी उगारली होती. पाचला घरी आला, तुम्हाला बोलला नाही. सातला तुमच्या लक्षात आलं, तेव्हा म्हणाला कचरा गेला. तुम्ही पाणी मारलंत, सासूबाईंनी गुलाबपाणी घातलं, आणि सगळे म्हणाले, सकाळपर्यंत बघू. सकाळी डोळा चिकटला होता, पण शाळेत चाचणी होती. दुपारी बाबा कामावरून येईपर्यंत थांबलात. भक्तपूरचे ते अठरा तास केव्हाच उलटून गेले. यात कुणी वाईट नाही, कुणी निष्काळजी नाही. पण पहिले सहा-सात तास गेले ते मुलाच्या भीतीत, हे तर तुम्हालाही दिसतंय.

माझ्या टेबलासमोर हे असंख्य वेळा घडतं. मी विचारते, "काय लागलं बाळा?" मूल माझ्याकडे बघत नाही, आईच्या चेहऱ्याकडे बघतं. आई म्हणते, "सांग की, डॉक्टरबाई विचारतायत," आणि ते म्हणत असताना तिचा आवाज असा असतो, की मी त्या मुलाच्या जागी असते तर मीही कचराच सांगितला असता. मग मी आईबाबांना पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर पाठवते. दार लागलं की मिनिटभरात खरं बाहेर पडतं. लहान भावाने झाडूची काडी बाणासारखी सोडली. बांधावरच्या करवंदीत चेंडू शोधताना काटा लागला. गोठ्याकडे जाताना पाचटात तोंड घातलं.

आणि हे खरं मला नुसत्या कुतूहलापोटी नको असतं. कशानं लागलं यावर पुढचं सगळं ठरतं. नख, कागद, टॉवेलचा कोपरा असेल तर मी बरीच निर्धास्त असते. उसाचं पातं, भाताची लोंबी, कडब्याचं कुसळ, झाडाची फांदी असेल तर नसते. उसाच्या पात्याची कड करवतीसारखी दातेरी असते हे तुम्ही हातावर अनुभवलंच असेल. तिच्याबरोबर शेतातली बुरशीही येते. बुरशीची जखम सावकाश, गुपचूप वाढते. चार दिवस डोळा बरा वाटतो आणि आठवड्याने बुबुळावर पांढुरका, धूसर ठिपका उठतो. मदुराईत १९९४ साली बुबुळाच्या चिघळलेल्या जखमांचे ४३४ रुग्ण सलग अभ्यासले होते. त्यांतल्या जवळजवळ दोन तृतीयांश लोकांना आधी बुबुळाला काहीतरी लागलेलं होतं आणि तेही बहुतेक शेतीतलं. अशा जखमेचे उपचार काही आठवडे, कधी महिने चालतात. म्हणून पात्याने लागलंय हे मला पहिल्या दिवशी कळलं तर मी मुलाला पुन्हा-पुन्हा बोलावते, स्टेरॉइडच्या वाऱ्यालाही उभं करत नाही. 'कचरा गेला' एवढंच कळलं तर मला ती वाट दिसतच नाही.

तेव्हा रागवायचं असेल तर रागवा. मी काही मुलांना डोक्यावर बसवा म्हणत नाही. कर्कटक उगारणाऱ्याला बोलायलाच हवं. फक्त क्रम बदला. आधी कशानं लागलं, किती वाजता लागलं, कुणी बघितलं. मग दवाखाना. रागवणं चार दिवसांनी, डोळा उघडल्यावर. एवढं एकदा घरात ठरलं आणि मुलाने ते एकदा अनुभवलं, की पुढच्या वेळी ते मोरीत न जाता तुमच्याकडे येईल. शिक्षकांनाही हे सांगून ठेवा. वर्गात डोळ्याला लागलं तर आधी कुणाची चूक याचा निवाडा न करता घरी फोन करावा, ही विनंती पालकसभेत करायला काहीच हरकत नाही. गणवेशाच्या रंगावर तिथे तासभर बोलणं होतंच की.

दोन प्रसंग मात्र वेगळे. त्यांत वर सांगितलेलं लागू नाही आणि दोन्हींचे नियम एकमेकांच्या उलट आहेत, म्हणून नीट वाचा.

पहिला चुन्याचा. तंबाखूबरोबर खायच्या चुन्याची ती छोटीशी नळी किंवा पुडी खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात, खिडकीत, ट्रॅक्टरच्या सीटखाली पडलेली असते. दोन-चार वर्षांच्या मुलाला ती खेळणंच वाटते. ते दाबतं, तोंड बंद असलं तर जोर करून दाबतं, आणि चुना फुटून थेट डोळ्यात उडतो. हा ओरखडा नव्हे, हे भाजणं आहे. आम्लाने जळतं तेव्हा वरच्या थराचा गोळा होऊन ते आम्ल तिथेच बरंचसं अडतं. चुना अडत नाही, तो पेशींच्या आवरणातली स्निग्धता विरघळवत आत-आत जात राहतो. इथे दवाखान्यात पळायचं नाही. आधी धुवायचं. आहे तिथे, त्या क्षणी, मिळेल त्या स्वच्छ पाण्याने. उकळलेलं कुठाय, बाटली कुठाय, असं शोधत बसू नका. नळ चालेल, हापसा चालेल. मुलाला कुशीवर असं धरा की लागलेला डोळा खालच्या बाजूला येईल, नाहीतर तेच पाणी चांगल्या डोळ्यात जाईल. एकाने डोकं धरायचं, एकाने बोटांनी पापण्या फाकवून धरायच्या, तिसऱ्याने पाणी ओतत राहायचं. मूल किंचाळेल. किंचाळू द्या. निदान वीस मिनिटं, शक्य तर अर्धा तास. चुन्याचे दाणे दिसत असतील तर ते पाण्याच्या धारेनेच निघू द्या. मग गाडी काढा, १०८ला फोन करा, जमेल ते. आणि जाताना ती पुडी बरोबर घ्या. फरशी पुसायचं आम्ल, धुण्याचा सोडा, ब्लीच, बॅटरीतलं पाणी यांनाही हाच नियम. माझं ऐकाल तर ती चुन्याची नळी घरात आणूच नका. तंबाखू सोडायला सांगितली तर तुम्ही ऐकणार नाही हे मला माहीत आहे, पण चुना उंच ठेवण्याइतकं तरी ऐका.

दुसरा प्रसंग टोकदार वस्तूचा, जोराने लागलेल्या. कर्कटकाचं टोक, बाण, सुई, तार, हातोडीने खिळा ठोकताना उडालेला तुकडा, फुटलेल्या फटाक्याचं काही, पतंगाचा मांजा. अशा वेळी बुबुळ आरपार भेदलं गेलेलं असू शकतं. मधली काळी बाहुली गोल न राहता थेंबासारखी एकीकडे ओढली गेली, काळ्या भागात रक्त साचलेलं दिसलं, डोळ्यातून चिकट पाणी आलं, दिसेनासं झालं, उलट्या सुरू झाल्या, यांतलं काहीही असेल तर धुवायचं नाही. पाणी नाही, थेंब नाहीत, मलम नाही, पापणी फाकवून बघणं नाही. रुतलेली वस्तू असेल तर ती ओढायची नाही. चहाच्या कागदी कपाचा तळ कापून तो डोळ्याभोवतीच्या हाडांवर टेकेल असा उपडा ठेवून चिकटपट्टीने लावा. डोळ्यावर दाब येता कामा नये, म्हणून कापसाची पट्टी तर मुळीच नको. मुलाला बसतं किंवा उशाला उंच ठेवून न्या. आणि वाटेत त्याला बिस्किट, चहा, पाणी काही देऊ नका. ऐकायला निर्दय वाटतं; पण लहान मुलाचा डोळा शिवायचा तर पूर्ण भूल द्यावी लागते आणि पोटात काही गेलेलं असलं तर ऑपरेशन काही तास पुढे ढकलावं लागतं.

साध्या ओरखड्याला पट्टी बांधावी का, हा प्रश्न मला अजून रोज येतो. पूर्वी बांधत. पुढे बऱ्याच रुग्णांवर ताडून पाहिलं तेव्हा दिसलं, की पट्टीने जखम लवकर भरत नाही आणि दुखणंही कमी होत नाही. लहान मुलाला तर ती नकोच. उबेत जंतू वाढतात, आणि पट्टी कुणी आठवडाभर ठेवून दिली तर वाढत्या वयाचा तो डोळा आळशी व्हायची भीती. तरीही शेजारीण पट्टी नसलेला डोळा बघून विचारणारच, "एवढंच? नुसते थेंब दिले?" ते सोडून द्या. कॉन्टॅक्ट लेन्स घालणारी कॉलेजची मुलगी घरात असेल तर तिला मात्र जरा दरडावून सांगा: डोळा खुपायला लागला की लेन्स काढायची, पट्टी नाही, पाण्याने धुऊन परत घालायची नाही, आणि दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दाखवायचं. लेन्सखाली चिघळणारी जखम तासांच्या हिशेबाने वाढते.

डॉक्टरांनी थेंब लिहून दिले की घरोघरी नवी लढाई सुरू होते. दोघांनी हातपाय धरायचे, एकाने डोळा फाकवायचा, मूल जिवाच्या आकांताने मिटून घेणार, अर्धी बाटली गालावर. एवढं करायची गरज नाही. मुलाला उताणं झोपवा, उशी काढा. डोळे मिटूनच ठेव म्हणावं. नाकाकडच्या कोपऱ्यात, जिथे छोटासा खळगा होतो तिथे, एक थेंब टाका. मग "आता उघड" म्हणा. उघडताच थेंब आपणहून आत जातो. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. दोन वेगवेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या, लागोपाठ घातले तर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. मलम रात्री झोपताना. ते घातल्यावर थोडा वेळ अंधुक दिसतं, घाबरू नका. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून थेंब थांबवू नका आणि पुन्हा बोलावलंय त्या दिवशी घेऊन या. त्या फेरीला अर्धे लोक येत नाहीत. "मूल खेळतंय की," म्हणतात.

मूल खेळतं, कारण त्याला दुसरा डोळा आहे. लहान मुलं एका डोळ्याचं अंधुक दिसणं कधीच सांगत नाहीत, त्यांना ते कळतच नाही. म्हणून घरीच एक करा. चांगला डोळा तळहाताने अलगद झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख वाचायला लावा, मग दुसरा झाकून तीच. लहानग्याला अक्षर येत नसेल तर चित्र दाखवा. दोन्हींत फरक वाटला, दोन दिवसांनी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, घाण येऊ लागली, बुबुळावर पांढरट काही दिसलं, की ठरलेल्या तारखेची वाट बघायची नाही.

आणखी एक. काही मुलांना, आणि तान्ह्याचं नख लागलेल्या बऱ्याच आयांना, महिना-दोन महिन्यांनी सकाळी डोळा उघडतानाच पुन्हा तशीच कळ येते. रात्री कुणीही काही केलेलं नसतं. नवा आलेला पापुद्रा ओल्या सारवणासारखा असतो, वरून गुळगुळीत, पण खाली अजून धरलेला नाही. रात्री डोळा कोरडा पडतो, पापणी त्याला चिकटते आणि सकाळी उघडताना उचकटून काढते. नखाच्या आणि कागदाच्या ओरखड्यांनंतर हे जास्त दिसतं. तेव्हाही दाखवायला या, झोपताना घालायचं वंगणासारखं मलम काही महिने द्यावं लागतं. आणि तान्ह्याची नखं कापाल तेव्हा ते झोपलेलं असताना, आंघोळीनंतर मऊ झालेली कापा. कापून झाल्यावर कड बोटाने चाचपून बघा, ताजं कापलेलं नखच जास्त ओरबाडतं.

डोळा बरा झाला की उरलेली बाटली त्याच दिवशी कचऱ्यात टाका. पुढच्या महिन्यात जावेच्या मुलाचा डोळा लाल झाला आणि तिने मागितली, तरी नाही म्हणा, आणि त्याला कशानं लागलं ते विचारा.